खोकला कितव्या दिवसावर आहे?

लायब्ररीत एकदम शांतता असते. तुम्ही नोट्स काढत असता आणि घशात ती ओळखीची खवखव सुरू होते. तुम्ही श्वास रोखून धरता, आवंढा गिळता, घोटभर पाणी पिता. काही उपयोग होत नाही. उबळ येतेच. शेजारच्या टेबलावरची मुलगी मान वर करून बघते आणि हळूच मास्क नाकावर ओढते. तुम्ही बॅग उचलून बाहेर पडता.

हे वाचताना ‘अरे, हे तर माझंच चाललंय’ असं वाटलं असेल, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमचा खोकला कितव्या दिवसावर आहे?

‘झाले असतील आठ-दहा दिवस’ हे उत्तर चालणार नाही. नक्की आकडा सांगा. मला सांगता आला नव्हता, म्हणूनच हा लेख.

माझा आकडा

पावसाळ्याच्या शेवटी पुण्यातल्या आमच्या पीजीत चौघींनाही ओळीने व्हायरल झाला. बाकी तिघी आठवड्यात ठणठणीत झाल्या. माझा ताप गेला, सर्दी गेली, खोकला मात्र मुक्कामाला राहिला.

पहिल्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलेलं सगळं केलं. हळद-दूध, आल्याच्या रसात मध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दुसऱ्या आठवड्यात मेडिकलवाल्या काकांनी ‘कोरडा की ओला?’ एवढंच विचारून एक बाटली दिली. ती संपल्यावर दुसरी घेतली. तिसऱ्या आठवड्यात रूममेटच्या ड्रॉवरमध्ये ॲझिथ्रोच्या दोन गोळ्या उरलेल्या सापडल्या, त्याही गिळल्या. चौथ्या आठवड्यात वेगळ्या कंपनीचं सिरप आणलं. ते पिऊन प्रोजेक्टच्या व्हायवाला गेले आणि एक्स्टर्नल सर प्रश्न विचारत असताना मला चक्क डुलकी लागली. मार्क किती पडले ते विचारू नका.

रात्री तर कहर व्हायचा. दोन वाजता, मग चार वाजता, खोकून खोकून उठायचे. रूममेट बिचारी काही बोलायची नाही. पण एका सकाळी तिने गादी उचलून शेजारच्या खोलीत नेली. ‘माझी सात वाजताची बॅच असते गं,’ म्हणाली. मला राग नाही आला, लाज वाटली. त्यानंतर मी उशीत तोंड खुपसून खोकायला शिकले.

शेवटी इंटर्नशिपच्या ठिकाणी डेस्कवरच्या एका सीनियर ताईंनी दम भरला. ‘कॉपी नंतर दे, आधी डॉक्टरकडे जा.’

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, ‘किती दिवस?’

‘असतील पंधरा-वीस.’

‘नक्की?’

मी व्हॉट्सॲप उघडलं आणि आईच्या चॅटमध्ये ‘खोकला’ शब्द शोधला. पहिला मेसेज सापडला. ‘व्हायरल झालाय, थोडा खोकला आहे, काळजी करू नको.’ तिथून दिवस मोजले. एक्केचाळीस! मॅडमनी कागदावर ‘४१’ लिहून त्याभोवती गोल केला. ‘औषधांची नावं नंतर सांग,’ म्हणाल्या, ‘मला आधी हा आकडा हवा होता.’

आकड्याला एवढं महत्त्व का?

कारण खोकला हा स्वतः आजार नाही, ते लक्षण आहे. श्वासनलिकेत धूळ, धूर, कफ असं काही नको असलेलं आलं की तिथल्या नसा मेंदूला कळवतात. आपण खोल श्वास घेतो, स्वरयंत्राचं दार क्षणभर बंद होतं, छाती आणि पोटाचे स्नायू आवळले जातात आणि दार उघडताच हवा जोरात बाहेर पडते. नको ते बाहेर फेकण्याची ही शरीराची सोय आहे.

व्हायरलमध्ये श्वासनलिकेचं आतलं अस्तर सुजतं आणि नसा हळव्या होतात. विषाणू गेला तरी हा हळवेपणा काही आठवडे राहू शकतो. मग एसीची थंड हवा, फोडणीचा खाट, मोठ्याने हसणं, एवढंही उबळ यायला पुरतं.

डॉक्टर मोठ्या माणसांच्या खोकल्याचे दिवसांवरून तीन भाग करतात. तीन आठवड्यांपर्यंतचा, तीन ते आठ आठवड्यांचा आणि आठ आठवड्यांच्या पुढचा. पहिल्या गटात बहुतेक वेळा व्हायरल असतं. तिसऱ्या गटात दमा, नाकामागून घशात उतरणारा स्राव, पोटातलं आम्ल वर येणं अशी कारणं जास्त दिसतात. म्हणजे खोकल्याचा आवाज तोच असला, तरी दिवस बदलले की शोधायची कारणंही बदलतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक गंमतशीर तुलना केली होती. साधा खोकला किती दिवस टिकतो असं लोकांना विचारलं, तर त्यांची अपेक्षा सात ते नऊ दिवसांची निघाली. आधीच्या अभ्यासांमधून काढलेली खरी सरासरी होती जवळपास १८ दिवस. आपला सगळा घोळ या मधल्या दिवसांतच होतो. नववा दिवस उजाडतो, खोकला थांबत नाही आणि आपण घाबरून अँटिबायोटिक शोधायला लागतो.

साध्या व्हायरल खोकल्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. आणि कफ पिवळा किंवा हिरवा दिसला म्हणजे जिवाणूच आहेत असंही नाही. रूममेटच्या उरलेल्या दोन गोळ्यांनी माझं एवढंच झालं की पोट बिघडलं.

बाटलीवर मागे काय लिहिलंय?

घरात असलेली खोकल्याची बाटली उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिसलं तर ते खोकल्याची ऊर्मी दाबायला असतं. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन किंवा ग्वायफेनेसिन असेल तर ते कफ पातळ करून बाहेर काढायला. क्लोरफेनिरामाइन असेल तर ते ॲलर्जीचं औषध, आणि त्याने झोप येते. माझ्या व्हायवाचा व्हिलन हाच. असं सिरप घेऊन टू-व्हीलर चालवू नका, प्लीज.

काही बाटल्यांमध्ये तर खोकला दाबणारं आणि कफ बाहेर काढणारं अशी दोन्ही औषधं एकत्र असतात. कफ बाहेर यायचा तो खोकल्यानेच ना? मग खोकलाच दाबला तर तो येणार कसा? जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात खोकल्याची अनेक मिश्रणं होती. साध्या व्हायरल खोकल्यात ही सिरप्स फार मोठा फरक पाडतात याचा भक्कम पुरावा नाही. कोडीन असलेल्या सिरपची गोष्ट तर वेगळीच. ते अफूच्या कुळातलं औषध आहे, त्याची सवय लागते. कॉलेजच्या आसपास त्याचा ‘नशेसाठी’ वापर होतो हे तुम्हालाही माहीत असेल.

आणखी एक. तुमची बाटली घरातल्या लहान भावंडाला कधीही देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं सिरप घेतल्यानंतर किडनी निकामी होऊन वीसहून जास्त लहान मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरलं जाणारं विषारी रसायन सापडलं होतं. ‘काही नाही, खोकल्याचंच तर औषध आहे’ हे वाक्य त्यानंतर मला तरी उच्चारवत नाही.

आजीचं किती खरं?

बरंच. मधाबद्दल २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. सर्दी-खोकल्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाने जास्त आराम पडतो, असं त्यात दिसलं. रात्री झोपताना एक-दोन चमचे मध, कोमट पाण्यातून किंवा नुसता, हा बाटलीपेक्षा स्वस्त उपाय आहे. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, त्याने बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

अडुळशाचा किस्सा तर भारीच. या झाडाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्यावरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि ब्रोमहेक्सिनचंच शरीरात होणारं रूप म्हणजे अँब्रॉक्सॉल. म्हणजे आजीचा काढा आणि मेडिकलमधली बाटली हे लांबचे नातेवाईक आहेत.

ज्येष्ठमधाची काडी चघळली की घसा शांत होतो, पण रोज उठून खूप दिवस नको. जास्त प्रमाणात त्याने बीपी वाढतं. गुळण्यांनी खवखव कमी होते. वाफ घेताना जपा. हॉस्टेलच्या पलंगावर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून डोक्यावर चादर घेणं म्हणजे भाजून घ्यायची तयारी. त्यापेक्षा गरम पाण्याने आंघोळ करताना मिळते ती वाफ बरी.

आणि जे आजी सांगत नाही ते मी सांगते. रात्री एक वाजता मॅगी खाऊन लगेच आडवं होऊ नका, पोटातलं आम्ल वर येतं आणि खोकला उठतो. उशी थोडी उंच घ्या. खोलीत मच्छर कॉइल किंवा अगरबत्ती लावत असाल तर ती बंद करा. महिनोन् महिने न धुतलेली चादर धुवा. आणि टपरीवरचा ‘चहा-सुट्टा’ निदान खोकला आहे तोवर तरी थांबवा. व्हेप ‘सेफ’ म्हणून ओढत असाल, तर तेही फुप्फुसांना त्रासच देतं, आणि ई-सिगारेटच्या विक्रीवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे.

पंधराव्या दिवशी काय करायचं?

आता तुम्ही विचाराल, साधा खोकला १८ दिवस टिकतो तर १४ दिवसांनीच तपासणी कशाला? मीही हेच विचारलं होतं.

कारण आपण भारतात राहतो. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एक आपल्या देशात आहे. म्हणून राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाचा नियम साधा आहे. खोकला दोन आठवडे किंवा जास्त असेल, तर बेडका तपासायचा. तपासणाऱ्यांपैकी बहुतेकांना टीबी नसतो. पण ज्यांना असतो, त्यांना तो लवकर कळतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र आता अनेक ठिकाणी आहे. ते टीबीचा जंतू तर शोधतंच, शिवाय रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का तेही काही तासांत सांगतं.

आणि इथेच उरलेलं अँटिबायोटिक खरं नडतं. त्यातली काही टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतात. चार दिवस बरं वाटतं, निदान मात्र लांबतं.

मॅडमनी मला महापालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एक छोटी डबी मिळाली. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून आलेला बेडका द्यायचा. नुसती थुंकी चालत नाही. तेही बंद बाथरूममध्ये नाही, मोकळ्या हवेत. ही माहिती मला तिथल्या ताईंनी तीनदा सांगितली, कारण पहिल्यांदा मी थुंकीच दिली होती.

‘चांगलं झालं, ताई’

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता. टोपी, मास्क, मान खाली. मला बघताच त्याने तोंड फिरवलं. आमच्याच कॉलेजचा, सेकंड इयरचा.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी तिथेच आईला फोन लावला आणि जवळजवळ ओरडलेच, ‘हुश्श! टीबी नाहीये!’ फोन ठेवून वळले तर तो शेजारीच उभा होता, हातात महिन्याभराच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन. काय बोलावं ते मला सुचेना. तोच म्हणाला, ‘चांगलं झालं, ताई.’

नंतर बाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्याने सगळं सांगितलं. अडीच महिने तो खोकत होता. संध्याकाळी अंगात कणकण यायची, वजन ५८ वरून ५१ वर आलं होतं. मेसचं जेवण मानवत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण त्यालाही आतून वाटत होतं, म्हणूनच तो तपासायला जात नव्हता. टीबी निघाला तर फ्लॅटवरची मुलं काढतील, घरमालक सामान बाहेर ठेवतील, मेसमध्ये वेगळं ताट येईल, ही भीती.

निदान झाल्यावर त्याने फ्लॅटमेट्सना सांगितलं. एक जण त्याच रात्री दुसरीकडे गेला. दोघांनी स्वतःची तपासणी करून घेतली आणि तिथेच राहिले. त्यांच्यापैकी एक जण आता रोज रात्री गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारतो.

ताटाचं म्हणाल, तर टीबी ताटातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, रुग्ण खोकतो-शिंकतो तेव्हा. म्हणजे वेगळं ताट देण्यापेक्षा खोलीची खिडकी उघडणं जास्त उपयोगाचं. नेहमीच्या औषधांनी बरा होणारा टीबी असेल तर उपचार साधारण सहा महिन्यांचे, औषधं मोफत, आणि पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. सगळ्यात जास्त धोका निदान व्हायच्या आधीच्या काळात असतो. म्हणजे आपण लपवत असतो, नेमक्या त्याच काळात.

हे लिहू का, असं त्याला विचारलं. ‘नाव नको, पण लिहा,’ तो म्हणाला. ‘अडीच महिने का थांबलो, तेवढं नक्की लिहा.’

आता त्याचा उपचाराचा चौथा महिना चालू आहे. वजन ५६ वर आलंय.

मग मला काय झालं होतं?

दमा. पण सिनेमात दाखवतात तसा धाप लागणारा नाही. याला कफ-व्हेरियंट अस्थमा म्हणतात. मुख्य लक्षण फक्त खोकला, तोही रात्री आणि पहाटे जास्त. एक्स-रे साफ होता. नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्रीची टेस्ट झाली, मॅडमनी बाकी प्रश्न विचारले आणि इन्हेलर सुरू केला.

इन्हेलर म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, ‘अगं, त्याची सवय लागते ना?’ नाही लागत. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी कमी मात्रा पुरते. स्टेरॉइड असलेला इन्हेलर घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य. दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा सलग रात्रभर झोपले. रूममेटची गादी आता परत आमच्या खोलीत आली आहे.

गंमत बघा, त्याला टीबी आणि मला दमा. दोघंही तीच सिरपं पीत होतो, दोघंही ‘होईल कमी’ म्हणत होतो, आणि दोघांनीही दिवस मोजले नव्हते.

म्हणून आज एकच करा. खोकला असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये जा, तो सुरू झाला त्या तारखेला ‘खोकला सुरू’ असं लिहा आणि चौदा दिवसांनंतरचा रिमाइंडर लावा. तोवर मध, गुळण्या, आराम. रिमाइंडर वाजला आणि खोकला तिथेच असेल, तर बाटली नको, तपासणी.

आणि तुमची रूममेट रात्री उशीत तोंड खुपसून खोकत असेल, तर गादी हलवण्याआधी तिला एकदा विचारा, ‘कितवा दिवस गं?’

चौकट : दिवस मोजत बसू नका, लगेच जा

• खोकल्यातून रक्त पडलं, अगदी थोडं असलं तरी.
• श्वास घ्यायला त्रास होतोय, छातीत दुखतंय किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय.
• जोराचा ताप आहे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला.
• वजन कमी होतंय, रात्री घामाने अंग भिजतंय, संध्याकाळी बारीक ताप येतोय.
• घरात किंवा फ्लॅटवर कुणाला टीबी आहे आणि तुम्हालाही खोकला सुरू झालाय.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्या : खोकला सुरू झाल्याची तारीख, आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या औषधांचे फोटो, आणि तो रात्री वाढतो की दिवसा याचं उत्तर. खोकताना रुमाल नसेल तर कोपराच्या आत खोका, तळहातावर नको. टीबीबद्दल काही विचारायचं असेल तर निक्षय संपर्क हेल्पलाइन : १८००-११-६६६६.